प्रथिनांचा डबा आणि सरकारचे अंडे

करमाळ्याहून देवीच्या माळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे फिरावयास निघाले की पोलीस भरतीची तयारी करणारी मुले घोळक्याने धावताना दिसतात. कुणी ऊसतोड मजुराचा मुलगा, कुणी चार एकर जिरायतीवर गुजराण करणाऱ्याचा, कुणी पदवी घेऊन तीन वर्षे घरी बसलेला. त्यांच्यापैकीच आमच्या शेजारचा एक मुलगा मागील उन्हाळ्यात एक भला मोठा काळा डबा काखोटीस मारून माझ्याकडे आला. डब्यावर पीळदार दंडाचे चित्र होते, खाली इंग्रजी बारीक अक्षरांची चळत होती आणि आयात करणाऱ्याचा पत्ता छापलेली चिठ्ठी अर्धी फाटलेली होती. किंमत २८०० रुपये. घरच्या दोन गाईंच्या दुधाचा दहा दिवसांचा पगार निम्म्याहून अधिक त्यात गेला होता. "सर, माल खरा आहे का, तेवढं बघून सांगा," एवढेच त्याचे म्हणणे होते.

मी तीस वर्षे अर्थशास्त्र शिकविले. मागणीची वक्ररेषा फळ्यावर काढताना ग्राहकास वस्तूची पूर्ण माहिती असते असे गृहीत धरण्याची आमच्या शास्त्रात रीत आहे. तो डबा हातात घेतल्यावर मला त्या गृहीतकाची लाज वाटली. आतल्या भुकटीत काय आहे हे मुलाला ठाऊक नव्हते, मला नव्हते, आणि ज्याने ती विकली त्या दुकानदारालाही असण्याचे कारण नव्हते. ते शोधून काढण्यासाठी लागणारा कायदा, प्रयोगशाळा आणि पगारी अधिकारी ज्याच्यापाशी आहेत ते शासन मात्र कोणत्या कंपनीच्या कोणत्या बॅचमध्ये काय निघाले हे नावानिशी नियमितपणे लोकांपुढे ठेवीत नाही. माझे भांडण आहे ते याच शासनाशी.

हे काम कुणीच केलेले नाही असे नाही. २०२४ साली केरळातील यकृततज्ज्ञ डॉ. सिरिॲक ॲबी फिलिप्स व त्यांचे सहकारी यांनी भारतीय बाजारात खपणाऱ्या ३६ प्रथिन-पूरकांच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला. सुमारे ७० टक्के डब्यांवरील प्रथिनांचा आकडा चुकीचा होता. काहींत तर छापल्याच्या निम्मेच प्रथिन निघाले. सुमारे १४ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक असे बुरशीचे विष सापडले आणि ८ टक्के नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश. ३६ डब्यांवरून साऱ्या बाजाराचा निवाडा करता येणार नाही, हे संख्याशास्त्राचे दोन धडे वाचलेला कोणीही सांगेल. परंतु ही तपासणी त्या डॉक्टरांनी स्वखर्चाने केली, ही गोष्ट मला त्यातील टक्केवारीइतकीच बोलकी वाटते. दीडशे कोटींच्या देशात लोकांनी काय गिळावे व काय गिळू नये हे सांगण्यासाठी काही डॉक्टरांना पदरमोड करावी लागते.

भेसळ आत शिरते कशी, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. कारण त्याशिवाय 'वाईट व्यापारी, चांगला व्यापारी' या भाबड्या वर्गीकरणाच्या पलीकडे आपण जाणार नाही. अन्नातील प्रथिने मोजण्याची सर्वत्र रूढ असलेली पद्धत केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये दिली. ती प्रत्यक्षात प्रथिने मोजीतच नाही. ती नायट्रोजन मोजते, आणि त्या आकड्याला साधारणतः सव्वासहाने गुणून प्रथिनांचा आकडा काढला जातो. म्हणजे बाजारात भाव प्रथिनांना मिळतो आणि माप पडते नायट्रोजनचे. नफ्यावर डोळा ठेवून बसलेल्यास एवढी फट पुरेशी आहे. चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाईन मिसळले गेले ते याच हिशेबाने: प्लास्टिकच्या धंद्यातले हे रसायन एक ग्रॅम घातले की परीक्षेत चार ग्रॅमहून अधिक प्रथिने 'दिसतात'. २००८ साली त्या दुधाच्या भुकटीने सुमारे तीन लाख बालके आजारी पडली व सहा दगावली. आपल्याकडच्या डब्यांत मेलामाईन आहे असा माझा आरोप नाही. परंतु ग्लायसिन, टॉरिन यांसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळून आकडा फुगविण्याची युक्ती याच फटीतून निघालेली आहे आणि या धंद्यात ती सर्वांस ठाऊक आहे.

विषाची वाट मात्र वेगळी, आणि तिला लबाडीचीही गरज नसते. वनस्पती जमिनीतून शिसे व कॅडमियम शोषून घेतात. वाटाण्याचे वा तांदळाचे प्रथिन एकवटून भुकटी केली की त्याबरोबर ते धातूही एकवटतात. ओलसर गोदामात पडलेल्या भुईमुगावर किंवा मक्यावर बुरशी धरते, आणि ती झटकून टाकली तरी तिचे विष मागे उरते. तपासणीला खर्च येतो, आणि तपासणी न करण्याला काहीच खर्च येत नाही.

'नामांकित कंपनीचा डबा घ्यावा, स्वस्ताच्या मागे लागू नये' असा उपदेश आपल्या सुशिक्षित मित्रांकडून हमखास ऐकावयास मिळतो. अमेरिकेत नामांकित कंपन्यांची वाण नाही. तेथे १९९४ च्या कायद्याने पूरक आहाराचे डबे विक्रीपूर्व मंजुरीच्या जाचातून मोकळे केले. २०२५ च्या ऑक्टोबरात तेथील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकसंस्थेने २३ पूरकांची तपासणी केली, तेव्हा दोन-तृतीयांशांहून अधिक पूरकांच्या एकाच मात्रेत, संस्थेचे तज्ज्ञ दिवसभरासाठी सुरक्षित मानतात त्याहून जास्त शिसे निघाले. तेव्हा हा केवळ करमाळ्याच्या अडाणी गिऱ्हाइकाचा प्रश्न आहे, असे समजून कोणी पुण्यात निश्चिंत राहू नये.

शिवाय हे सारे नवे आहे अशीही समजूत नको. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. आमच्या तालुक्यातील माणसे खडी फोडीत होती, आणि कामावर सुकडी वाटली जात होती. तिचा गोडसर वास अजून आठवतो. त्या काळी जगभर 'प्रथिनांची दरी' हा शब्द गाजत होता. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाचा इशारा दिला होता, आणि गरिबांना प्रथिनयुक्त भुकट्या पुरविण्याच्या योजनांचे पेव फुटले होते. १९७१ साली म्हैसूरच्या संशोधकांनी नोंदविलेली हकीकत त्याच काळातील आहे: कुपोषित बालकांना बरे करण्यासाठी भुईमुगाचे प्रथिनयुक्त पीठ देण्यात आले, ते अफ्लाटॉक्सिनने दूषित होते, आणि त्यांतील काही बालकांना यकृताचा सिरॉसिस झाला. पुढे १९७४ मध्ये बांसवाडा व पंचमहाल भागांत बुरशी धरलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांतही बहुतांश गरीब आदिवासी होते.

त्या 'दरी'विरुद्ध आवाज उठविणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे अग्रभागी होते. माणूस पोटभर ज्वारी-डाळ खाईल तर प्रथिने बहुधा आपोआप पुरतील. उणीव आहे ती एकंदर अन्नाची, म्हणजेच ते विकत घेण्याच्या ऐपतीची, असे त्यांचे म्हणणे होते. सुखात्म्यांच्या पुढील काळातील उष्मांकविषयक प्रतिपादनाने दारिद्र्याचा आकडा खाली ओढला गेला, आणि त्या वादात आम्ही काही विद्यार्थी प्रा. वि. म. दांडेकरांच्या बाजूचे होतो, आजही आहोत. परंतु प्रथिनांच्या बाबतीत सुखात्मे बरोबर होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तीच 'दरी' आज जाहिरातींतून पुन्हा उकरली जात आहे. त्या वेळी तिचे गिऱ्हाईक सरकारे होती, आज भरतीसाठी धावणारा पोरगा आहे.

आता हिशेब पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढास दररोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या तरुणास सुमारे ५० ग्रॅम. मेहनत करणाऱ्यास थोडी अधिक लागतील, म्हणून ७० धरा. याच संस्थेने मे २०२४ मधील आहारविषयक मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रथिन-पूरके टाळावीत असे स्पष्ट म्हटले आहे. २८०० रुपयांच्या किलोभर भुकटीत, डब्यावरचा आकडा खरा धरला तरी, सुमारे ७५० ग्रॅम प्रथिने. म्हणजे ग्रॅमला पावणेचार रुपये. हरभऱ्याच्या डाळीतून तेच ग्रॅम पन्नास पैशांच्या आसपास पडते, शेंगदाण्यातून थोडे अधिक, अंड्यातून सव्वा रुपयाच्या आत. आणि दूध? लिटरमध्ये सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने असतात, आणि आमच्या शेतकऱ्याच्या हाती लिटरमागे तीस-बत्तीस रुपये पडतात. दर कोसळला म्हणून २०२४ च्या जानेवारीत राज्य सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर करावे लागले होते. म्हणजे हा मुलगा घरच्या गाईचे प्रथिन रुपयाला ग्रॅम या भावाने डेअरीला घालतो, आणि परदेशात चीज काढून उरलेल्या पाण्यातले, ज्याला व्हे म्हणतात ते, पावणेचार रुपयांना विकत घेतो. तेही निम्मेच निघाले तर साडेसात रुपये. वसाहतवाद शिकविताना मी कापूस आणि मँचेस्टरच्या कापडाचे उदाहरण देत असे. ते आता बदलावयास हरकत नाही.

मुलाला मूर्ख ठरवून हा विषय संपणार नाही. जागा थोड्या आणि अर्ज लाखांनी, अशी भरती असली की सेकंदाच्या एका अंशासाठी घरादाराचा पैसा पणाला लागतो. तालमीतला वस्ताद दूध, बदाम, खुराक पाहून पोर घडवीत असे. आज तालमी ओस पडल्या, आणि सल्ला द्यावयास उरला तो डब्यावर कमिशन मिळविणारा.

कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या जागी २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आला व २०११ च्या ऑगस्टपासून अंमलात आला. जुन्या कायद्याने छोटा दूधवाला व तिखटवाला नाडला गेला हे खरे. परंतु नव्या कायद्यात खोट्या लेबलास ३ लाखांपर्यंत, निकृष्ट मालास ५ लाखांपर्यंत नुसता दंड आहे. असुरक्षित अन्न विकूनही कुणास इजा झाल्याचे सिद्ध झाले नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होती. तीही २०२३ च्या 'जनविश्वास' कायद्याने तीन महिन्यांवर आणली. शिसे व अफ्लाटॉक्सिन यांची इजा दहा-वीस वर्षांनी उमटते. ती न्यायालयात सिद्ध कोण करणार? कंपनीला हा दंड म्हणजे जाहिरातीच्या खर्चातील एक किरकोळ रक्कम.

आणि ज्या मुलांच्या ताटाशी शासनाचा प्रत्यक्ष संबंध येतो तेथे काय घडले? नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्यास केळे, असा निर्णय झाला. केळे आमच्या कंदरचे परदेशी जाते, तेव्हा तालुक्यास त्याचे अप्रूप नव्हते; अंड्याचे होते. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी शासनाने काढून घेतला आणि अंडे हवे असल्यास लोकसहभागातून खर्च भागवावा असे शाळांना कळविले. अंड्यामागे ५ रुपयांची तरतूद होती. बाजारभावाने सात रुपये धरले तरी त्या एका डब्याच्या किमतीत चाळीस मुलांच्या वर्गास दहा आठवडे अंडे मिळते. अंड्याच्या कवचात कोणी ग्लायसिन भरू शकत नाही.

आपल्या पक्षाने या प्रश्नावर आजवर एक पत्रकही काढलेले नाही. 'हा शहरी जिमवाल्यांचा प्रश्न' असे एका जुन्या साथीने मला ऐकविले. त्यांनी एकदा पहाटे माळावर यावे. अंड्याचा निधी पूर्ववत करा, आणि अन्न व औषध प्रशासनाने तालुक्या-तालुक्यांतून प्रोटीन पावडरचे नमुने घेऊन निकाल कंपनी व बॅच यांच्या नावानिशी दर तिमाहीस जाहीर करा, या दोन मागण्या तहसील कचेरीवरील पुढच्या मोर्चात असल्या पाहिजेत. मोर्चाची वाट न पाहता करण्याजोगेही एक काम आहे. २००६ च्या कायद्याच्या ४० व्या कलमाने कोणाही ग्राहकास खरेदी केलेला पदार्थ शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. खरेदीच्या वेळी विक्रेत्यास तसे सांगावे लागते, आणि माल दोषी ठरल्यास शुल्क परत मिळते. तालुका शाखेने एक डबा रीतसर पावती घेऊन विकत घ्यावा, चार कार्यकर्त्यांनी मिळून अर्ज करावा, आणि येणारा अहवाल जसा असेल तसा, निर्दोष निघाला तरी, एसटी स्थानकाच्या फलकावर लावावा.

त्या मुलाला मी डबा परत दिला आणि मला सांगता येत नाही असे म्हटले. पहिल्या नमुन्याचे शुल्क मी भरतो.