रबीअ, रेहान, रय्यान : मुलांसाठी निसर्गातली नावे

घरात बाळ येणार असे कळले की पाळण्याआधी नावाची चर्चा सुरू होते. पूर्वी ही चर्चा आजी-आजोबांपाशी संपत असे. आता आई-वडील मोबाईलवर शंभर नावे काढून ठेवतात आणि आजी विचारते, “यातले एक तरी नाव आपले आहे का?” मुलीचे नाव शबनम, नर्गिस किंवा यास्मीन ठेवताना कोणी अडत नाही. मुलासाठी मात्र वारा, पाऊस, वसंत, चंद्र असे नाव सुचवले की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ही काय दीनी नावे झाली? दुसरा म्हणतो, अर्थ तर सुंदर आहे. या महिन्यात आम्ही हाच विषय घेतला आहे.

आधी हदीस पाहू. अल्लाहला सर्वांत प्रिय नावे अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान, असे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. नबियांची नावे तर आपल्या घराघरांत आहेतच. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सोबत्यांची नावे अर्थ लावून वाचली तर आपण थोडे थबकतो. जाफर म्हणजे लहान नदी, ओढा. तल्हा हे रानातल्या काटेरी, बाभळीच्या जातीच्या झाडाचे नाव. उसामा म्हणजे सिंह. समुरा हेही एका काटेरी झाडाचे नाव. हंजला म्हणजे आपल्याकडचे कडू इंद्रावण. वाळवंटात राहणाऱ्या माणसांनी आपल्या भोवतीचे झाड, पाणी, जनावर पाहून मुलांना नावे दिली आणि ती मुले मोठी होऊन सहाबा झाली. उहुदच्या लढाईत शहीद झालेल्या हजरत हंजला (रजि.) यांचे नाव फळ कडू आहे म्हणून बदलले गेले नाही. निसर्गातला शब्द मुलाला देणे ही आजची फॅशन नाही, हे एवढ्यावरूनही दिसते.

मग प्रेषितांनी (स.) कोणती नावे बदलली? हे पाहिले की कसोटी हाती येते. सहीह बुखारीतला प्रसंग अनेकांना माहीत असेल. सईद बिन मुसय्यब यांच्या आजोबांचे नाव ‘हज्न’ होते. हज्न म्हणजे खडबडीत, चालायला कठीण जमीन. प्रेषितांनी (स.) त्यांना ‘सहल’ हे नाव सुचवले. सहल म्हणजे सपाट, मऊ, सोपी जमीन. वडिलांनी ठेवलेले नाव मी बदलणार नाही, असे ते म्हणाले. पुढे नातू सांगत, तेव्हापासून तो कठोरपणा आमच्या घराण्यात राहिला. अबू दाऊद यांच्या संग्रहात ‘असरम’ नावाच्या माणसाचा उल्लेख आहे. असरम या शब्दात तुटण्याचा, कापले जाण्याचा अर्थ आहे. त्याला ‘जुरआ’ हे नाव मिळाले, ज्यात बी आणि पीक यांचा अर्थ आहे. ओसाड असा अर्थ असलेल्या एका जागेचे नावही बदलून ‘खजिरा’, म्हणजे हिरवीगार, असे ठेवले गेले. या तिन्ही ठिकाणी जुने नावही मातीशी किंवा शेतीशी जोडलेले आणि नवेही. निसर्गाचा शब्द म्हणून कोणतेच नाव काढलेले नाही. कठोर, तुटके, ओसाड अर्थ काढून त्या जागी सोपा, पिकाचा, हिरवा अर्थ दिला.

दुसरी कसोटी तौहीदची. शम्स म्हणजे सूर्य आणि कमर म्हणजे चंद्र. ही नावे आपल्या समाजात पिढ्यान्पिढ्या चालत आली आहेत. पण ‘अब्दुश्शम्स’ म्हणजे सूर्याचा बंदा. इस्लामपूर्व अरबस्तानात अशी नावे ठेवत आणि इस्लामने ती बंद केली. सूर्याला आणि चंद्राला सजदा करू नका, त्यांना निर्माण करणाऱ्याला करा, हे सूरह हा-मीम सजदामध्ये स्पष्ट आहे. चंद्राचे नाव ठेवता येते, चंद्राचा दास म्हणवून घेता येत नाही.

आता ऋतूंकडे वळू. ‘रबीअ’ म्हणजे वसंत. हे मुलाचे जुने नाव आहे. कूफ्याचे प्रसिद्ध ताबिई रबीअ बिन खुसैम यांचे हेच नाव. गंमत म्हणजे हा शब्द आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी रोज असतो. रब्बी म्हणजे हाच रबीअ आणि खरीप म्हणजे अरबीतला खरीफ, शरद ऋतू. दोन्ही नावे काढणीच्या ऋतूवरून पडली आहेत. रब्बीचा हरभरा आणि गहू वसंताच्या तोंडावर घरी येतो, म्हणून तो हंगाम रब्बी. अरबी नाव परके वाटते म्हणणाऱ्याला हे सांगून पाहा.

मात्र ‘रबीउल अव्वलमध्ये जन्मला म्हणून वसंताचे मूल’ असे म्हणता येणार नाही. चंद्राचे वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असते, त्यामुळे आपले महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतात. २०२४ आणि २०२५ साली रबीउल अव्वल आपल्याकडे भाद्रपदाच्या पावसात आला होता. रमजानच्या मुळाशीही तापलेल्या उन्हाचा अर्थ आहे, पण आपण थंडीतही रोजे धरले आहेत. आपल्या आजोबांच्या पिढीत रमजान, रजब, शाबान, जुम्मा अशी नावे सर्रास असत. जन्माचा महिना किंवा दिवस लक्षात राहावा हा त्यामागचा साधा हेतू. ती नावे आज जुनाट म्हणून टाकली जातात याचे आम्हाला वाईट वाटते.

काही चांगली नावे इथे देतो. रेहान हा सुगंधी सब्जाच्या जातीचा पाला. फालुद्यात आपण ज्याचे बी घालतो तीच वनस्पती. सूरह रहमानमध्ये हा शब्द आला आहे. रय्यान म्हणजे तहान भागलेला, पाण्याने तृप्त. रोजेदारांसाठी असलेल्या जन्नतच्या दरवाजाचे हे नाव. तारिक हा रात्री येणारा तेजस्वी तारा, ज्याच्या नावाची सूरहच आहे. सुहैल म्हणजे आपला अगस्ती तारा. अरबस्तानात तो पहाटे दिसू लागला की उन्हाळा ओसरला असे समजतात. शिवाय सुहैल हे ‘सहल’चे लाडके रूपही आहे. बद्र म्हणजे पौर्णिमेचा चंद्र, हिलाल म्हणजे कोर, जुहैर म्हणजे छोटे फूल, नसीम म्हणजे मंद वारा. अल्लाहच्या निर्मितीतले हे सगळे शब्द मुलांना शोभतात.

पण ‘कुरआनात आहे’ एवढ्यावर नाव ठेवू नये. शब्द तिथे कशासाठी आला आहे ते पाहावे. ‘सराब’ ऐकायला गोड आहे, पण त्याचा अर्थ मृगजळ, आणि सूरह नूरमध्ये तो नाकारणाऱ्यांच्या वाया गेलेल्या कर्मांसाठी आला आहे. ‘सरसर’ हा आद लोकांना नष्ट करणारा वारा. पावसालाही दोन शब्द आहेत. ‘मतर’ हा कुरआनात बहुतेक ठिकाणी शिक्षेच्या वर्षावासाठी आला आहे, तर ‘गैस’ हा लोक निराश झाल्यावर अल्लाह पाठवतो त्या रहमतीच्या पावसासाठी. मराठवाड्यात जून कोरडा गेलेला ज्याने पाहिला आहे, त्याला या दुसऱ्या शब्दाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

तरीही मुलाचे नाव ‘गैस’ ठेवा असे आम्ही सुचवणार नाही. शाळेत पहिल्याच दिवशी त्याचा ‘गॅस’ होईल. हा मुद्दा हलका वाटतो, पण नाव आपण ठेवतो आणि वाहायचे मुलाला असते. कमर या चंद्राला मुले कंबर करतात. नुक्ता गेला की अर्थही जातो. रबीअ हे नाव कार्यालयातला लिहिणारा सहज ‘रवी’ करून टाकतो. त्यामुळे नाव ठरल्यावर ते मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत कसे लिहायचे ते एका कागदावर लिहून ठेवावे आणि सगळीकडे तेच द्यावे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. त्या वेळी नाव ठरले नसले तरी चालते, १२ महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येते. अकीक्याच्या सातव्या दिवशी नाव ठरले की त्याच आठवड्यात नोंद पक्की करावी. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्मदाखलाच पुरावा म्हणून द्यावा लागतो. एका अक्षराचा फरक पुढे किती फेऱ्या मारायला लावतो, हे आधार आणि गुणपत्रिकेचा मेळ घालत बसलेल्या कोणत्याही बापाला विचारा.

शेवटी एक नाजूक गोष्ट. साहिल, समीर अशी नावे आज फार निवडली जातात. साहिल म्हणजे किनारा. समीर अरबीत रात्री गप्पांना सोबत करणारा आणि संस्कृतात वारा. काही आई-वडील अशी नावे आवडतात म्हणून ठेवतात. काही मात्र हळूच सांगतात, नावावरून मूल ओळखू येऊ नये, घर भाड्याने मिळावे, नोकरीच्या यादीत अर्ज बाजूला पडू नये. ही भीती खोटी आहे असे म्हणून आम्ही त्यांना गप्प करणार नाही. नाव अरबीच असले पाहिजे अशी अट दीनने घातलेली नाही. इब्राहीम, इस्हाक, याकूब ही नावे मुळात अरबी नाहीत. आफताब, खुर्शीद, गुलजार फारसी आहेत. अर्थ चांगला असेल आणि त्यात शिर्क नसेल, तर भाषेमुळे नाव अडत नाही. पण एवढे मात्र मनापासून सांगतो की नावामागचे कारण मुलाला एक दिवस कळते. ‘तू झालास तेव्हा दोन वर्षांनी पाऊस पडला होता’ हे ऐकून मोठा झालेला मुलगा आणि ‘तू ओळखू येऊ नयेस म्हणून’ हे ऐकून मोठा झालेला मुलगा आपले नाव एकाच आवाजात सांगणार नाहीत.

म्हणून घरात वाद असेल तर असे करून पाहा. आई-वडिलांनी तीन नावे निवडावीत, तिन्हींचा अर्थ शब्दकोशात पाहावा, मशिदीतल्या किंवा ओळखीच्या आलिमांना विचारावे आणि मग तिन्ही नावे आजीसमोर ठेवावीत. तिने निवडलेले नाव मोठ्याने दहा वेळा हाक मारून बघावे, अंगणातून, जिन्यावरून, रागाने आणि लाडाने. जे नाव चारही वेळा चांगले वाटेल ते ठेवावे. अल्लाह आपल्या सर्वांच्या घरातल्या मुलांना त्यांच्या नावासारखे करो. आमीन.