तुमच्या ग्रुपात विकत घेणारा कोण आहे?

धंदा सुरू करायचाय म्हणून जो भेटायला येतो, तो आधी मोबाईल पुढे करतो. जिल्ह्याच्या नावाचा एक ग्रुप, मराठवाड्याच्या नावाचे दोन, 'घरबसल्या कमवा'वाले चार. आणि मग तक्रार: सर, एवढ्या ग्रुपात आहे, पण एक ऑर्डर नाही.

येणार कुठून? तिथं सगळे विकणारेच आहेत. आठवडी बाजारात नुसती दुकानं लागली आणि पिशवी घेऊन कोणी आलंच नाही, तसं ते आहे.

माझं मत स्पष्ट आहे. दुकानदारांचा ग्रुप गिऱ्हाईक शोधायला नसतो. तो माल, माहिती आणि अडीनडीसाठी असतो. आणि त्यासाठी तो लहानच लागतो. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपात पूर्वी २५६ जण मावायचे, २०२२ मध्ये ते १०२४ झाले. पण १०२४ जणांना ओळखतो कोण?

हे मी पैसे घालवून शिकलोय. अशाच एका मोठ्या ग्रुपवर प्लास्टिकच्या बादल्या-टबांचा स्वस्त भाव आला. फोटो, जीएसटीचं बिल, खाली तीस-चाळीस अंगठे. मी १८,५०० रुपये ॲडव्हान्स पाठवला. संध्याकाळी फोन बंद. नंतर अंगठे देणाऱ्यांना एकेक करून विचारलं, तर एकानेही तो माल घेतलेला नव्हता. एक जण म्हणाला, "फोटो चांगला होता म्हणून दिला." १९३० या सायबर हेल्पलाईनवर मी फोन केला तो दुसऱ्या दिवशी, लाजेपायी. तेच चुकलं. असं झालं तर त्याच मिनिटाला लावा. बीबीए झालेला माणूस फसला हे लोकांना कळेल, या भीतीत माझी एक रात्र गेली आणि पैसेही गेले.

त्यानंतर सिद्धेश्वर आणि औंढ्याच्या वाटेवरच्या दुकानदारांचा आम्ही वेगळा ग्रुप केला. सध्या २२ जण आहोत. एकट्याला परवडत नाही तो कार्टन तिघांत वाटून घेतो. नांदेडहून एकाचा माल येणार असला की टेम्पोत दुसऱ्याचा टाकतो, भाडं अर्धं. महाशिवरात्रीला औंढा नागनाथला गर्दी उसळते, तेव्हा कोणाच्या द्रोण-पत्रावळ्या संपल्या की ग्रुपवर एक ओळ टाकायची, अर्ध्या तासात गठ्ठा हजर. हिशोब नंतर.

भांडणही झालं. एकाने उधारीच्या वहीचा फोटो टाकला. ज्याचं नाव होतं, त्याचा पोरगाच ग्रुपात. दोन महिने दोघांचं बोलणं बंद होतं. तेव्हापासून उधारी ग्रुपवर नाही, हा नियम.

आता कोणी म्हणेल, लहान ग्रुपने धंदा लहानच राहतो. हळद पावडर पाकिटात विकणाऱ्याबाबत मला हे मान्य आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मिळालं, तिचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत आहे, त्याने बाहेरच्या ग्रुपात जावंच. पण किराणा, स्टेशनरी, पिठाची गिरणी? तुमचं गिऱ्हाईक पायी येतं.

त्याच्यासाठी व्हॉट्सअॅप बिझनेस फुकट आहे, २०१८ पासून. ब्रॉडकास्ट लिस्ट करा. फक्त एक खोच आहे: ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून सुट्टे परत देताना तिथंच सेव्ह करून घ्या. मी गल्ल्याशेजारी नंबर मोठ्या अक्षरात चिकटवलाय.

आमच्या ग्रुपात नवीन कोणी यायचं म्हणलं तर आधी दोघं त्याच्या दुकानात जाऊन बसतात. परवा एक जण चिडला, "ही काय नोकरीची मुलाखत आहे का?" चहा मात्र त्यानेच पाजला. दुकान चांगलं आहे, माल नीट लावलेला आहे. २३ वा तोच.