धरणाखालच्या नदीचा वाटा कोण देणार?

नवी मुंबई वाढते आहे आणि तिच्या तहानेचा भार पेणच्या नद्यांवर येऊन पडतो आहे. भोगावती नदीवरील हेटवणे धरणातून सिडकोला मिळणारे रोजचे १५० दशलक्ष लिटर पाणी २७० दशलक्ष लिटरपर्यंत नेण्याची योजना आखली गेली. शेजारचे बाळगंगा धरण तर नवी मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठीच काढलेले. त्याच्या कामातील गैरव्यवहाराच्या आरोपावरून २०१५ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला. बुडित गावांतील माणसे पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे झगडत राहिली. शहराला किती पाणी हवे याचा हिशेब तयार आहे. भिंतीखालच्या नदीत किती पाणी उरले पाहिजे, याचा हिशेब कोण मांडणार?

पहिल्या पावसात इथले मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत आणि शेतांत अंडी घालायला चढतात. त्यालाच आपण वलगण म्हणतो. अहीर या सापासारख्या माशाची तऱ्हा उलटी. तो वाढतो नदीत, अंडी घालायला जातो समुद्रात आणि त्याची पिल्ले खाडीतून पुन्हा नदीत येतात. धरणाची भिंत या दोन्ही वाटा अडवते. उन्हाळ्यात भिंतीखालचे डोह आटले की पुढच्या वर्षाचे बीजच संपते. वलगणीत अंडी भरलेले मासे सरसकट मारणेही थांबलेच पाहिजे. पण नदीच उरली नाही, तर तो संयम कोणाच्या उपयोगाचा?

हा विषय निघाला की प्रस्थापितांचा ठरलेला प्रश्न येतो : मासे वाचवायचे की माणसे? प्रश्नच खोटा आहे. नदीतल्या माशांवर जगणारा कातकरी माणूस नाही काय? त्याच्याकडे सातबारा नाही, विहीर नाही. नदीतले मासे आणि खेकडे हेच त्याचे विनामूल्य रेशन. ते संपले की कुटुंब उचल घेऊन वीटभट्टीवर जाते आणि पोरांची शाळा सुटते. सरकार ज्या जमातीची नोंद अतिअसुरक्षित आदिम जमात अशी करते, तिच्याच ताटातला घास धरणाच्या हिशेबात धरला जात नाही.

रोह्याच्या कुंडलिकेची कथा वेगळी, पण अन्याय तोच. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिरा येथे वीज करून कुंडलिकेत येते. भिरा वीजगृह १९२७ चे. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी याच जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तेव्हापासून कुंडलिकेची भरती-ओहोटी विजेच्या वेळापत्रकाने चालते. कोलाडला पर्यटकांच्या रबरी होड्या त्याच पाण्यावर धावतात. खाली धाटावच्या रासायनिक कारखान्यांचा पट्टा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिका आहे. म्हणजे पेणला पाणी आटते, रोह्याला पाणी असूनही ते नासते. मार दोन्हीकडे मासळीवर आणि मासळीवर जगणाऱ्यांवर.

आम्ही धरणविरोधी नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या बहुउद्देशीय योजनांना दिशा दिली. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार त्यांनी आग्रहाने मांडला. त्यांच्या लेखी नदी म्हणजे एकाच गिऱ्हाइकाला विकायचा माल नव्हता. आजचे बाळगंगा धरण मात्र एका शहराच्या नळापुरते पाहते.

कायद्यातही पळवाट आहे. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना सिंचन आणि जलविद्युत धरणांना लागू होते. केवळ पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले धरण तिच्या कक्षेबाहेर राहते. पाणी नळाला जावो की कालव्याला, भिंत तीच आणि कोरडे पात्रही तेच. मग पर्यावरण मंजुरी नाही, जनसुनावणी नाही, हा कुठला न्याय? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये कोरड्या हंगामातील सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी नदीत वाहते ठेवण्याचे निर्देश राज्यांना दिले. भोगावतीच्या पात्रात उतरून ते कोणी मोजायचे?

मत्स्यबीज सोडून भरपाई करू, असेही सांगितले जाईल. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास होते, ते काम मोलाचे आहे. पण हौदात वाढवलेले पिल्लू शेवटी वाहत्या नदीतच जगायचे. शिवाय इथले महसीर बीज कावेरीत सोडल्यावर तिथल्या मूळच्या महसीर जातीवर संकट ओढवले. २०१८ मध्ये ती जात अतिसंकटग्रस्त ठरली.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. हेटवणेतून वाढीव पाणी उचलण्याआधी उन्हाळ्यात नदीत सोडायचा किमान प्रवाह ठरवा आणि रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. बाळगंगेच्या भिंतीत त्यासाठी वेगळी सोय ठेवा. कुंडलिकेत सांडपाणी सोडणाऱ्यांवर कारवाई करा. पुनर्वसनाच्या यादीत जमीनमालकाबरोबर नदीवर जगणाऱ्या कातकऱ्याचे नाव घाला. शहराने तहान भागवावी, आमची हरकत नाही. पण आधी नदीचा वाटा नदीला द्यावा. महाडचा लढा पाण्यावरच्या समान हक्काचा होता. त्याच जिल्ह्यात पाणी फक्त पैसेवाल्याच्या दिशेने वाहणार असेल, तर तो लढा अजून संपलेला नाही.