कवीचा शब्द आणि कवीचे जीवन



आपले नेपानगर हे कागदाचे गाव. १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते येथील वृत्तपत्र-कागदाच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. परंतु कागदाला खरे मोल येते ते त्यावर लिहिणाऱ्याच्या जीवनामुळे. या सत्याचा उत्तम दाखला आपल्या शेजारच्या खानदेशातच आहे.

‘श्यामची आई’ ही कादंबरी ज्या घरी वाचली गेली नाही, असे मराठी घर विरळा. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ती लिहिणारे साने गुरुजी कवीही होते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी नसते. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयातील मुलांची ते आईच्या मायेने शुश्रूषा करीत. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस होते. हातची नोकरी सोडून ते त्या लढ्यात उतरले आणि कारावासात गेले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात परप्रांतीय बंधूंच्या सहवासात त्यांना भारताच्या भाषाभगिनींची ओढ लागली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच टिपून घेतली.

त्यांच्या कवितांचा संग्रह १९३५ साली निघाला. पूजेत वाहावयाच्या साध्या पानांवरून त्याला त्यांनी ‘पत्री’ असे विनम्र नाव दिले. सरकारने मात्र त्याच्या प्रती जप्त केल्या! हाती फौज आणि तोफा असलेल्या सत्तेला या चिमूटभर पानांचे भय का वाटावे? शब्दांमागे तुरुंगवास सोसलेला मनुष्य उभा होता, म्हणून. त्या काव्यात देशभक्ती होती. आणि दीनदुबळ्यांना प्रेमाने उचलून धरण्यातच धर्म आहे, अशी श्रद्धाही होती.

तारुण्यातील ध्येये संसाराच्या उन्हात सुकून जातात, असे आपण म्हणतो. गुरुजींची सुकली नाहीत. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे, म्हणून त्यांनी १ मे १९४७ पासून प्राणांतिक उपोषण केले आणि दहाव्या दिवशी ते सोडले, तेव्हा तो दरवाजा उघडण्याचा मार्ग मोकळा झाला होता. कवितेतील बंधुभावासाठी कवीने आपले प्राण पणाला लावले होते.

मातापित्यांनो, आपल्या मुलाच्या वहीत न्यायाची, समतेची एखादी वेडीवाकडी कविता आढळली, तर तिला हसू नका. त्याला जवळ घेऊन एवढेच विचारा, “बाळ, यासाठी तू काय देशील?”