‘माझ्याकडे तर चालतंय!’

लिनक्सवर मेलसाठी थंडरबर्ड वापरत असाल तर हा प्रकार तुम्हाला नवा नसेल. सकाळी लॅपटॉप सुरू केला, आयकॉनवर क्लिक केलं, विंडो अर्धवट उघडली आणि गायब! एरर नाही, मेसेज नाही. पुन्हा क्लिक केलं तर शहाण्या मुलासारखं उघडलं आणि दिवसभर नीट चाललं. परवा पुन्हा तेच. एखाद्या जाणकार मित्राला दाखवायला गेलात, तर त्याच्यासमोर हमखास चालणार. मग तो मान वर न करता म्हणणार, ‘माझ्याकडे तर चालतंय. रिस्टार्ट मार.’

माझं स्पष्ट मत आहे, की या दोन वाक्यांनी आपल्याला आळशी करून ठेवलंय. ‘कधीकधी होतं’ ही तक्रार आपण तक्रारच मानत नाही. सांगणाऱ्याचाच काहीतरी घोळ असणार, असं धरून चालतो. खरं तर ‘कधीकधी’ हाच यातला सगळ्यात मोठा पुरावा असतो.

का ते बघा. सुरू होताना थंडरबर्ड एकाच वेळी खूप कामं काढतं. तुमची प्रोफाइल वाचायची, ॲड-ऑन जागे करायचे, खात्यांवर नवीन मेल आहे का बघायचं, कॅलेंडर लोड करायचं, ग्राफिक्स ड्रायव्हरशी बोलून विंडो रंगवायची. लग्नघरातल्या सकाळीसारखं. आचारी, भटजी, फोटोग्राफर आपापल्या गतीने येतात आणि बहुतेक वेळा निभावतं. पण एखाद्या दिवशी भाजी शिजायच्या आधीच पंगत बसली, की गोंधळ. प्रोग्रामिंगमध्ये याला ‘रेस कंडिशन’ म्हणतात. कोण आधी पोचतं यावर सगळं अवलंबून.

आता दुसऱ्या क्लिकला का चालतं, तेही कळेल. लिनक्स एकदा डिस्कवरून वाचलेल्या फाइल्स मेमरीत जपून ठेवतं. त्यामुळे दुसऱ्यांदा सगळं भराभर सापडतं, कामांचा क्रम बदलतो आणि क्रॅश टळतो. बिघाड मात्र तिथेच असतो. बघायला गेलं की लपणाऱ्या अशा बिघाडांना ‘हायझेनबग’ म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी 1985 मध्ये, संगणक बंद का पडतात यावरच्या आपल्या लेखात हा शब्द वापरला होता. म्हणजे हे दुखणं आपल्यापेक्षा वयाने मोठं आहे!

अर्थात प्रत्येक वेळी रेस कंडिशनच असेल असं नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर, जुनाट ॲड-ऑन, बिघडलेली इंडेक्स फाइल, अगदी खराब रॅमसुद्धा असू शकते. म्हणूनच अंदाजाने गोळ्या मारण्यापेक्षा शोध घ्यायला हवा. आणि इथे आपण सगळे एकाच ठिकाणी फसतो.

समजा, चारातून एकदा क्रॅश होतंय. तुम्ही कुठलीतरी सेटिंग बदलली, तीनदा उघडून पाहिलं, तिन्ही वेळा चाललं. झालं दुरुस्त? अजिबात नाही. काहीही न बदलता सलग तीनदा नीट चालू होण्याची शक्यताच 42 टक्के आहे. सलग दहादा चाललं, तर ते निव्वळ नशीब असण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या आत येते. तेव्हा कुठे ‘बहुतेक सुटलं’ म्हणायचं. त्यातही क्रॅश फक्त लॅपटॉप सुरू केल्यावर पहिल्यांदाच होत असेल, तर लागोपाठ दहादा उघडण्याला काही अर्थ नाही. दर वेळी लॅपटॉप रिस्टार्ट करून मोजायला हवं. नेटवर ‘हे केलं आणि सुटलं’ असे जे शंभर उपाय मिळतात, त्यातले किती जण तीन वेळा बघून खूश झालेत, देव जाणे.

मग करायचं काय? सगळ्यात आधी थंडरबर्ड बंद करून प्रोफाइलच्या फोल्डरची कॉपी काढा. साधारणपणे तो होम फोल्डरमध्ये लपवलेला असतो. स्नॅप पॅकेज असेल, जसं उबुंटू 24.04 मध्ये आहे, तर स्नॅपच्या फोल्डरमध्ये. ही पायरी गाळू नका. ‘प्रोफाइल उडव, नवीन टाक’ असा सल्ला देणारे भरपूर भेटतात. आयमॅप वापरत असाल तर सर्व्हरवरची मेल परत येतीलही. पण पॉपने उतरवलेली किंवा ‘लोकल फोल्डर’मध्ये ठेवलेली मेल फक्त तुमच्याच डिस्कवर असू शकतात. दोन मिनिटांच्या क्रॅशपायी चार वर्षांची मेल घालवायची?

त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी ट्रबलशूट मोडमध्ये उघडा. त्यात ॲड-ऑन आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद राहतं. तिथे क्रॅश थांबला तर संशयितांची यादी एकदम छोटी होते. मग प्रोफाइल मॅनेजरमधून एक कोरी प्रोफाइल बनवून बघा. त्यातही तसंच होत असेल तर तुमच्या मेलचा दोष नाही. प्रोग्राम, ड्रायव्हर किंवा पॅकेजकडे बोट दाखवता येतं. टर्मिनलमधून सुरू केलंत तर मरताना ते काय बोललं तेही दिसतं. आणि प्रत्येक वेळची नोंद करा. तारीख, पहिला स्टार्ट की दुसरा, वाय-फाय लागलेलं होतं का, आदल्या दिवशी कुठला अपडेट आला. वहीच्या मागच्या पानावर लिहिलं तरी चालेल. आठवडाभरात ‘कधीकधी’ला आकार येतो.

यानंतरची पायरी आपण जवळजवळ कधीच घेत नाही. कळवणं. मोझिलाने दिलेलं थंडरबर्ड असेल तर क्रॅशनंतर रिपोर्ट पाठवायची खिडकी येते आणि आपण ती फटकन बंद करतो. तिकडे हे रिपोर्ट क्रॅश नेमका कोडच्या कुठल्या जागी झाला, त्यानुसार एकत्र लावले जातात. तुमचा एकटा ‘कधीकधी’ तिथे तशाच इतरांच्या शेजारी जाऊन बसतो, आणि मग तो योगायोग राहत नाही. काही डिस्ट्रोंच्या पॅकेजमध्ये ही सोय काढलेली असते. तेव्हा त्या डिस्ट्रोच्या तक्रारपेटीत लिहावं लागतं. लॉग जोडताना त्यात मेल आयडी किंवा खासगी मजकूर नाही ना, तेवढं तपासा.

मोझिलाच्या बग्झिलामध्ये तक्रार बंद करताना द्यायचा ‘वर्क्स फॉर मी’ असा एक अधिकृत शेराच आहे. म्हणजे आपलं ‘माझ्याकडे तर चालतंय’! तो वाचून राग येतो. पण नुसतं ‘कधीकधी बंद पडतं, प्लीज फिक्स’ एवढंच लिहिलेलं असेल, तर समोरच्याने तरी काय शोधायचं? माझा रोख दोघांवर आहे. नीट न सांगणाऱ्यावर आणि नीट न ऐकणाऱ्यावरही.

‘एवढा वेळ कुणाला आहे? ब्राउझरमध्ये मेल उघड आणि मोकळा हो,’ असं तुम्ही म्हणाल. परीक्षेचा फॉर्म भरायचा असेल त्या दिवशी तेच करा, मीही तेच सांगेन. पण हा कायमचा उपाय झाला, तर आपल्या हातातली साधनं एकेक करून आपण सोडून देतो. 2012 मध्ये मोझिलाने थंडरबर्डवरचा हात आखडता घेतला, तेव्हा ते संपलं असंच अनेकांना वाटलं होतं. ते टिकलं स्वयंसेवकांमुळे आणि वापरणाऱ्यांनी दिलेल्या देणग्यांमुळे. 2020 पासून ते मोझिला फाउंडेशनच्या एका वेगळ्या कंपनीत आहे आणि आजही मुख्यतः देणग्यांवरच चालतं. आपण विद्यार्थी पैसे देऊ शकत नसू, पण चार ओळींची नीट नोंद तर देऊ शकतो ना?

म्हणून पुढच्या वेळी कुणी सांगितलं, ‘अरे, कधीकधी बंद पडतं,’ तर रिस्टार्टचा सल्ला थोडा वेळ खिशात ठेवा. त्याऐवजी एवढंच विचारा, ‘मागच्या दहा वेळांत किती वेळा?’