विश्लेषण : हनुवटीला टाके पडले, पण जबडा कोणी तपासला?

मूल सायकलवरून तोंडावर पडते, हनुवटी फुटते. जवळच्या रुग्णालयात तीन-चार टाके घातले जातात, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले जाते आणि मूल घरी येते. आठवडाभरात जखम भरते. जबड्याचे हाड मोडले आहे का, हा प्रश्न मात्र अनेकदा विचारलाच जात नाही.

मार एकीकडे, मोड दुसरीकडे

खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा असतो. त्याची दोन टोके कानांपुढच्या सांध्यांत बसलेली असतात आणि सांध्याखालची हाडाची मान बारीक असते. हनुवटीवर बसलेला धक्का हाडातून वर जातो आणि ही मान मोडते, कधी दोन्ही बाजूंची. बाहेरून दिसते ती फक्त हनुवटीची जखम. कानापुढे दुखू लागले, तर घरचे कानात थेंब घालतात!

ओळखायचे कसे?

पहिली तपासणी फुकट आहे. ‘दात चावून दाखव, पूर्वीसारखे बसतात का?’ एवढेच विचारायचे. दात नीट जुळत नसतील, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकत असेल किंवा स्वतःची तीन बोटे उभी मावण्याइतके तोंड उघडत नसेल, तर जबडा मोडल्याची शंका घ्यावी. खालचा ओठ बधिर होणे, जिभेखाली रक्त साकळणे, कानातून रक्त येणे याही खुणा. मग ओपीजी हा संपूर्ण जबड्याचा एक्स-रे किंवा गरजेनुसार सीटी स्कॅन.

मुलांमध्ये धोका मोठा का?

जबड्याच्या वाढीत या सांध्याजवळच्या भागाचा मोठा वाटा असतो. तिथली दुखापत दुर्लक्षित राहिली, तर काही मुलांचा सांधा हाडाने जखडतो. तोंड उघडणे हळूहळू कमी होते, हनुवटी मागे राहते, चेहरा वाकडा वाढतो. घास घेणे, दात घासणे अवघड होते, झोपेत श्वास अडतो. पुढे शस्त्रक्रिया करावी लागते. तोंडच उघडत नसल्याने भूल देणेही जोखमीचे ठरते.

खेदाची गोष्ट ही, की वेळीच कळले तर बहुतेक लहान मुलांना शस्त्रक्रिया लागत नाही. मऊ आहार, वेदनाशामक औषध आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर सुरू केलेले तोंड उघडण्याचे व्यायाम पुरतात. मात्र वाढ पूर्ण होईपर्यंत अधूनमधून तपासणी हवी. मोठ्यांमध्ये दात तारेने बांधणे किंवा टायटॅनियमच्या पट्ट्या बसवणे, हे उपाय असतात.

चुकते कुठे?

अपघात विभागात आधी श्वास, रक्तस्राव आणि डोक्याचा मार पाहावा लागतो. ते योग्यच. पण टाके घालायला वेळ असेल, तर दात पाहायलाही असतो. खरी अडचण वाटणीची आहे: तोंडाच्या आतले दंतवैद्याचे, बाहेरचे इतरांचे. त्यात अनेक ठिकाणी दंतवैद्य सकाळच्या ओपीडीत, आणि मुले पडतात संध्याकाळी. हनुवटीच्या प्रत्येक जखमेच्या केसपेपरवर ‘दात जुळतात का, तोंड किती उघडते’ ही नोंद सक्तीची करायला नवी इमारत लागत नाही, की नवे पद.

दुचाकीस्वारांचेही तेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट सक्तीचे आहे. पण दंड चुकवायला घातलेले अर्धे हेल्मेट हनुवटी उघडीच ठेवते. पडल्यावर जबडा मोडला आणि तोंडात रक्त येत असेल, तर जखमीला उताणे झोपवून ठेवू नये. जीभ आणि रक्त घशात जाऊन श्वास कोंडतो. शुद्धीत असेल आणि मानेला मार नसेल, तर पुढे झुकवून बसवावे. निखळलेला कायमचा दात सापडला, तर तो न घासता दुधात ठेवून सोबत न्यावा.