ड्रोनच्या बॅटरीला कोणता चार्जर चालतो? खरेदीआधी 'हे' चार आकडे पाहा

'नमो ड्रोन दीदी' योजनेला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये मंजुरी दिली. १५ हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची ही योजना. किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये अनुदान. सोबत जादा चार बॅटरी संच आणि फास्ट चार्जर. दिवसाला २० एकरांपर्यंत फवारणीचं गणित याच बॅटऱ्यांवर बसवलंय.

आता समजा, नाशिकमधल्या एखाद्या गटाला दुसरा चार्जर घ्यायचाय. दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती अँपिअरचा?" पण सुरुवात तिथून करायची नसते.

१. बॅटरीचा प्रकार: लिथियम पॉलिमरचा एक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, हाय-व्होल्टेज प्रकारातला ४.३५ला. साध्या बॅटरीवर चुकून हाय-व्होल्टेज मोड लावला, तर ती फुगू शकते, पेटूही शकते.

२. सेलची संख्या: '१२एस' म्हणजे ओळीने जोडलेले १२ सेल. पूर्ण चार्ज ५०.४ व्होल्ट. ६ सेलपर्यंतचाच चार्जर इथे उपयोगाचा नाही. सगळे सेल समान भरण्यासाठी बॅलन्स चार्जिंगही हवं.

३. अँपिअर: बॅटरी २२,००० एमएएचची असेल, तर '१सी' म्हणजे २२ अँपिअर. या वेगाने साधारण तासभर लागतो. त्याहून जास्त वेग बॅटरीवर लिहिला असेल तरच.

४. वॅट: ५०.४ गुणिले २२, म्हणजे सुमारे १,१०० वॅट. दोन बॅटऱ्या एकदम लावल्या की २,२००. घरातलं ६ अँपिअरचं सॉकेट जेमतेम १,३८० वॅटचं. म्हणजे १६ अँपिअरचं सॉकेट आणि तशीच वायरिंग हवी. बांधावर जनरेटर नेणार असाल, तर त्याची क्षमताही याच हिशेबाने बघा.

थोडक्यात, चार्जर गरजेपेक्षा मोठा असला तरी चालतं. सेटिंग मोठं चालत नाही. स्मार्ट बॅटरी असेल, तर मात्र कंपनीने सांगितलेलाच चार्जर घ्या.

फवारणीच्या घाईत आणखी एक चूक होते. ड्रोन उतरला की गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावली जाते. आधी ती थंड होऊ द्या. फुगलेली असेल, तर चार्ज करूच नका. आणि चार्जिंग सुरू असताना कुणीतरी जवळ थांबा. जादा संच दिलेत ते याचसाठी: एक थंड होईपर्यंत दुसऱ्यावर काम चालू राहतं.